वही घेऊन ये

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
रविवार, रात्री

चि. मनीस,


काल फोनवर बोलता बोलता तू रडायला लागलीस आणि लगेच "काही नाही गं मावशी, झोप झाली नाही" म्हणून फोन ठेवलास. तुझं घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. तरी हे लिहून पाठवते आहे. समोर बसलीस की तू "हो, हो" म्हणतेस, तेवढ्यात बाळ उठतं, कुकरची शिट्टी होते आणि बोलणं राहून जातं. कागद राहतो. हा तुझ्या फाइलमध्ये ठेव.

तुझ्या बोलण्यातून मला कळलं ते असं. चार महिन्यांत तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी वजन कमी करा, रोज चाला, असं सांगितलं. तिसऱ्यांना तू स्वतःहून विचारलंस, "डॉक्टर, थायरॉईड तर नसेल?" त्यावर ते तुझ्याकडे न बघता जावईबापूंना म्हणाले, "नेटवर वाचत बसतात. लहान बाळ आहे, थकणारच." आणि घरी येऊन तू स्वतःलाच बोल लावत बसलीस, की आपणच आळशी झालो.

तू आळशी नाहीस. पहाटे उठून दोघांचे डबे भरून मालाडचं ऑफिस गाठणारी मुलगी चार महिन्यांत आळशी होत नसते. तुला थायरॉईडच आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवणं माझं काम नाही. पण तपासायला हवं आणि आत्ता तपासायला हवं. हे मी इतक्या जोराने का सांगते, ते तुला ठाऊक नाही, कारण ही गोष्ट मी घरात कधी नीट सांगितलीच नाही.

आम्ही १९९१ साली इथे राहायला आलो. वर्ल्ड बँकेच्या योजनेतले म्हाडाचे प्लॉट, आपला २५ चौरस मीटरचा. खाली एक खोली, वर हळूहळू बांधलेला मजला आणि मध्ये तो उभा लोखंडी जिना. तो जिना मी दिवसातून वीस वेळा चढायचे. १९९९ च्या पावसाळ्यात लक्षात आलं की मधल्या पायरीवर थांबावं लागतंय. मग मार्चच्या उकाड्यात मी पंखा बंद करायला लागले आणि सगळे माझ्यावर ओरडायला लागले. केस गळायला लागले म्हणून कातडीच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तेल आणि गोळ्या दिल्या. पाळीला दहा-दहा दिवस अंगावरून जायला लागलं म्हणून बायकांच्या डॉक्टरांकडे गेले, त्या म्हणाल्या, पाळी जायची वेळ आली. लोकलमध्ये वरची कडी धरली की बोटांना मुंग्या यायच्या, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मानेचा एक्स-रे काढून पट्टा दिला. पोट साफ होईना, त्याला इसबगोल. आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, ज्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास होता, पाठीवर हात ठेवून सांगितलं, "वहिनी, टेन्शन घेऊ नका."

अडीच वर्षं मी टेन्शन न घेण्याचा प्रयत्न केला.

शेवटी एका सरकारी ओपीडीत, पाय सुजले म्हणून गेले होते, तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. माझा आवाज ऐकून तिने मान वर केली. म्हणाली, "तुमचा आवाज आधीपासून असाच घोगरा आहे का?" मग तिने मला लाकडी खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं उभं राहायला लावलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यात खाली गेलं. पण परत जागेवर यायला त्याने वेळ घेतला, जसं एखादं दार तेल नसलेल्या बिजागरीवर सावकाश मिटतं. तिने शेजारच्या विद्यार्थ्यांना बोलावून पुन्हा मारून दाखवली. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारा हुकूम, ६२. साडेचारच्या आसपास असतो तो नॉर्मलचा वरचा काठ.

ती हातोडी मी अजून विसरले नाही. पण मला जास्त आठवतो तो तिचा पहिला प्रश्न. बाकी सगळ्यांनी मी सांगितलेल्या एकेका तक्रारीकडे पाहिलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. यात बाकीच्यांना मी दुष्ट ठरवत नाही. बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, आत पाच मिनिटं मिळतात आणि बाईमाणूस 'थकवा येतो' म्हणाली तर ते वाक्य त्यांनी सकाळपासून तीसदा ऐकलेलं असतं. थायरॉईडचं दुखणं फसवं ते यामुळेच. त्याचं एकही लक्षण फक्त त्याचं स्वतःचं नसतं. थकवा कशानेही येतो, केस कशानेही गळतात, वजन कशानेही वाढतं. मी एकच आजार पाच दारांत वाटून दिला आणि प्रत्येक दारातून एकेक पुडी घेऊन आले.

तू तेच करते आहेस, मनी. पहिल्या डॉक्टरांना थकवा सांगितलास, दुसऱ्यांना वजन, आणि तिसऱ्यांना थेट आजाराचं नाव. तिघांपैकी कुणापुढेही सगळं एकदम आलेलं नाही.

म्हणून आज रात्री एक काम कर. वहीचं एक पान घे, एकच, पाठपोट नको. वर तुझं वय, बाळंतपणाची तारीख, अजून पाजतेस हे, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या लिही. खाली एकेका ओळीत काय होतंय आणि कधीपासून. 'खूप थकवा' असं लिहू नकोस. 'मेपासून दुपारी तीन वाजता ऑफिसच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं' असं लिही. 'वजन वाढलं' नको. किती किलो, किती महिन्यांत, आणि खाणं तेवढंच असताना वाढलं का, ते लिही. हातातल्या बांगड्या साबण लावल्याशिवाय निघत नाहीत, हे तू मला सांगितलंस. ते डॉक्टरांना सांगितलंस का? ऑफिसात एसीत सगळ्याजणी साध्या बसतात आणि तू शाल घेतेस, हे? लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे? पोट किती दिवसांनी साफ होतं, तेही लिही. डॉक्टरांना आकडा आणि तारीख दिली की त्यांना पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

शेवटची ओळ घराण्याची. ही मात्र मोठ्या अक्षरात लिही. मावशीला २००२ पासून थायरॉईड, गोळी चालू. आणि तुझी पणजी, माझी आजी. तिला तू पाहिलं नाहीस. चिपळूणकडे आमच्या घरी चैत्रात, घामाच्या धारा लागलेल्या असताना ती माजघरात घोंगडी पांघरून बसायची. चेहरा सुजल्यासारखा भरलेला, भुवयांची बाहेरची टोकं झडलेली, आवाज पुरुषासारखा जाड. शेजारच्या बायका म्हणायच्या, म्हातारपणी अंगाने भरली. कुणी तपासलं नाही, आणि त्या काळी तिथे तपासणारं होतं तरी कोण. आज मला वाटतं की तेच असावं. हा आजार बहुतेक वेळा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने त्या ग्रंथीवर केलेला हल्ला असतो, १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन लिहून ठेवलं, आणि तो घराण्यात उतरतो. आयोडीनच्या मिठाने तो थांबत नाही. सासूबाई "मीठ बदल" म्हणाल्या, त्यांचा हेतू चांगला आहे, पण तुझं मीठ आधीच आयोडीनचं आहे.

आता बाळंतपणाचं. ही गोष्ट तुझ्या तिन्ही डॉक्टरांनी विचारायला हवी होती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांची थायरॉईड ग्रंथी सुजते. सुरुवातीला ती साठवलेला स्राव एकदम सोडते, तेव्हा छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरतं. मग दोन-तीन महिन्यांनी ती रिकामी होते आणि सगळं उलटं होतं. तुला आठवतं, बाळ तीन महिन्यांचं असताना तू म्हणाली होतीस की रात्री छाती धडधडते आणि घाम फुटतो? आपण सगळ्यांनी ते जागरणावर ढकललं. मीही ढकललं, मला क्षमा कर. तेच असेल असं नाही, पण कागदावर ते यायलाच हवं. पुष्कळ जणींची ग्रंथी वर्षा-दीड वर्षात पूर्ववत होते, काहींची होत नाही. कोणत्या बाजूला चाललंय ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि एक. बाळंतपणात तुला रक्त चढवावं लागलं होतं. ते तू कुणाला सांगितलंस? फार रक्त गेलं तर कधीकधी मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला इजा होते. थायरॉईडला हुकूम देणारी तीच. तिथे बिघाड झाला तर टीएसएच नॉर्मल दिसूनही शरीरात थायरॉईडचा स्राव कमीच असतो. असं क्वचित होतं, आणि तुला दूध भरपूर आलं, पाळीही सुरू झाली, म्हणून मला त्याची भीती फारशी वाटत नाही. पण याच कारणासाठी नुसता टीएसएच नको, तो स्राव मोजणारा फ्री टी-४ सुद्धा सोबत करून घ्यायचा. प्रसूतिगृहातून तुझे बाळंतपणाचे कागद मागून घे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. साधा अर्ज लिही, तारीख घाल, एका प्रतीवर पोच घे.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते लिहून देते, पाठ कर. "डॉक्टर, मला थायरॉईडची शंका वाटते. मावशीला आहे. बाळंतपणाला दहा महिने झाले, तेव्हा रक्त चढवलं होतं. या पानावर सगळं तारखेनिशी आहे, एक मिनिट वाचाल का? टीएसएच आणि फ्री टी-४ लिहून द्याल का?" 'मला थायरॉईड झालाय' म्हणू नकोस, ते त्यांचं काम आहे. 'नेटवर वाचलं' हेही म्हणू नकोस. आणि ते "गरज नाही" म्हणाले तर भांडू नकोस, रडू नकोस, उठूही नकोस. म्हण, "ठीक आहे डॉक्टर. तपासणी का नको आणि मग हे कशामुळे असावं, एवढं केसपेपरवर लिहून द्या." हे वाक्य मी बऱ्याचजणींना शिकवलंय. लिहायची वेळ आली की पुष्कळदा पेन तपासणीच्या कागदाकडेच वळतं. नाहीच वळलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुझा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमना रुग्णहक्कांची सनद लावावी लागते, त्यातसुद्धा तो आहे.

जावईबापूंना सोबत ने, पण घरूनच ठरवून जा की बोलणार तू. डॉक्टर त्यांच्याशी बोलायला लागले तर त्यांनी तुझ्याकडे हात करायचा. त्यांनी फक्त एक गोष्ट सांगायची, जी तू स्वतः सांगू शकत नाहीस: ती आधी कशी होती.

तपासणीला जाण्याआधी एक महत्त्वाचं. पार्लरमधल्या बाईने केसांसाठी दिलेल्या त्या गोळ्या बंद कर. त्यांत बायोटिन असतं आणि भरपूर असतं. पुष्कळ लॅबच्या मशीनमध्ये त्याने थायरॉईडचा आकडा चुकतो. टीएसएच असतो त्याहून कमी दिसतो. म्हणजे आजार असूनही रिपोर्ट चांगला यायचा. निदान दोन दिवस आधी थांबव, आणि घेत होतीस हे लॅबवाल्याला सांग. उपाशी राहायची गरज नाही, पण सकाळीच जा, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होतो आणि पुढच्या वेळीही त्याच सुमारास द्यायचा. दाराखालून टाकतात त्या ७० तपासण्यांच्या पॅकेजच्या कागदाला भुलू नकोस. टीएसएच, फ्री टी-४, अँटी-टीपीओ (ग्रंथीवरच्या त्या हल्ल्याची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, साखर, यांपैकी काय हवं ते डॉक्टरांकडून ठरवून घे. पैशांची ओढ असेल तर आधी शताब्दी हॉस्पिटलात केसपेपर काढ आणि तिथे काय होतं ते विचार. लाजू नकोस.

रिपोर्ट आला की नुसतं 'नॉर्मल आहे' ऐकून परत येऊ नकोस. कागद हातात घे, आकडा वाच, शेजारची मर्यादा वाच, वहीत उतरव. टीएसएच १० च्या वर असेल तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. साडेचार ते दहाच्या मधे असेल तर मात्र डॉक्टर-डॉक्टरांत मतभेद असतात. तिथे लक्षणं, अँटी-टीपीओ आणि पुढे मूल हवंय का, यावर ठरतं, आणि कधीकधी सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून मग ठरवणं हेच शहाणपणाचं असतं. त्यांनी थांबायला सांगितलं तर ते टाळणं समजू नकोस. फक्त पुढची तारीख मागून घे.

आणि मनी, सगळे आकडे खरंच चांगले आले तर? तर थायरॉईडचा नाद सोड. हे तुला कठीण जाईल, कारण नाव सापडलं की माणसाला धीर येतो. पण मग हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ यांच्याकडे वळ. आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य, हेही तपासायला सांग. 'मनाचं आहे' असं म्हणून उडवून लावतात तो प्रकार वेगळा. हा खराखुरा आजार आहे, त्याला औषध आहे. रात्री-बेरात्री फार जड झालं तर १४४१६ वर फोन कर, सरकारचीच सेवा आहे, मराठीत बोलता येतं. आणि त्याआधी मला कर. तक्रार खरी असते, तिचं नाव आपण चुकीचं धरलेलं असू शकतं.

गोळी सुरू झालीच तर घाबरू नकोस. 'एकदा लागली की सुटत नाही' म्हणून बायका ती घेत नाहीत, आणि मला याचा फार त्रास होतो. या गोळीआधी काय होतं ते ऐक. १८७३ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरांनी अशा पाच बायकांचं वर्णन वाचून दाखवलं: सुजलेल्या, मंद, थंडीने गारठलेल्या. त्यांना द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क करून एका बाईला टोचला. ती ४६ वर्षांची होती. त्यानंतर ती आणखी २८ वर्षं जगली. आज तोच स्राव कारखान्यात बनतो आणि छोट्या बाटलीत मिळतो. बाहेरून शरीरात काही परकं जात नाही, जे कमी पडतं तेवढंच भरून निघतं. बाळाला पाजत असलीस तरी चालतं. मी ती पहाटे पाणी येतं तेव्हा घेते. नळाचा आवाज आला की गोळी, मग पिंप भरायचं, आणि तासाभराने चहा. चहासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. तुझ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचं अंतर लागेल. आणि माझ्या बाटलीतली गोळी मागू नकोस, मी देणार नाही. जास्त झाली तर हृदयावर येतं.

आपण दोघीच आहोत असंही नाही. २०१३ साली देशातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांवर माणसांची पाहणी छापून आली होती, मुंबई त्यात होती. दर शंभरात जवळजवळ अकराजणांचा थायरॉईड कमी काम करत होता, आणि त्यांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला हे तपासेपर्यंत माहीतच नव्हतं. आपल्या सोसायटीत पस्तीस घरं आहेत. संध्याकाळी अंगणात बसतात त्या बायकांकडे पाहिलं की मला तो आकडा आठवतो.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. आरशासमोर मान थोडी वर करून पाण्याचा घोट घे आणि गळ्याच्या खालच्या भागाकडे बघ. काही गाठ वर-खाली होताना दिसली, गिळायला अडकलं, आवाज बसला तो बसलाच, तर लगेच डॉक्टर आणि सोनोग्राफी. त्यासाठी आयोडीनचा स्कॅन कुणी सुचवला तर पाजते आहेस हे आधी सांग, पाजणाऱ्या आईला तो करत नाहीत. बसल्या जागी छाती धडधडली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. इथे कुणीच ऐकलं नाही, तर केईएमला एंडोक्रायनॉलॉजीचा वेगळा विभाग आहे, थायरॉईडचे पेशंट तिथे रोजचेच. कांदिवलीहून स्लो लोकल, प्रभादेवीला उतरून चालत. दिवस मोडेल, मोडू दे. बाळाला मी सांभाळीन.

तिसऱ्या डॉक्टरांनी तुला उडवून लावलं त्याला आज बारा दिवस झाले. तेरावा उगाच जाऊ देऊ नकोस. केसांच्या त्या गोळ्या आज रात्रीच बंद कर आणि पान लिहून काढ. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई बुधवारी सकाळी नऊला बसतात. मी साडेआठला नाक्यावर उभी असेन. बांगड्या घालून ये, त्यांना दाखवायच्या आहेत. आणि वही घेऊन ये.

तुझी,
मावशी